मोरीतील भांडी आणि मंद आचेचा स्वयंपाक

माझी मावशी साताऱ्यात राहते. तिचे वय 78, काकांचे 84. मधुमेह आणि रक्तदाब दोघांच्याही सोबतीला आहेत, पण आटोक्यात आहेत. मावशीच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडले आहे. डब्याचे झाकण उघडताना किंवा फडके पिळताना तो ठणकतो. गेल्या पावसाळ्यात भांड्यांना येणाऱ्या बाई गावी गेल्या, त्या परतल्याच नाहीत. मुलगा परदेशी असतो. तो रोज न चुकता फोन करतो आणि विचारतो, ‘‘आई, जेवलात का दोघं?’’ मावशीचे उत्तर ठरलेले असते, ‘‘हो रे, झालं आत्ताच.’’

दिवाळीनंतर मी दोन दिवस तिच्याकडे राहिले. पाण्यासाठी फुलपात्र घ्यायला भांड्यांच्या जाळीपाशी गेले, तर तेथे दोन कप, दोन बशा आणि दुधाचे पातेले एवढेच पालथे घातलेले होते. कढई नव्हती, कुकरचे डबे नव्हते, वरणाची वाटीदेखील नव्हती. पुढे बोलता बोलता उलगडा झाला. दुपारी पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या पोळ्या लोणच्याशी खायच्या आणि रात्री चहा-खारीवर भागवायचे, असे गेले चार महिने चालले होते. काकांचे वजन चार किलोंनी उतरले होते आणि तपासण्यांत त्याचे दुसरे कारण सापडले नव्हते.

मी रागावले नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून मावशीने ओळखले असावे. ती म्हणाली, ‘‘स्वयंपाकाचा कंटाळा नाही गं मला. अजूनही हौसेनं करीन. पण जेवण झालं की मोरीतला तो ढीग दिसतो आणि हात आधीच दुखायला लागतात.’’

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. वृद्धांच्या आहाराविषयी आपण पुष्कळ बोलतो. प्रथिने किती, मीठ किती, भाजी कोणती, हे सारे आवश्यकच आहे. परंतु अनेक घरांत जेवण ओट्याशी अडत नाही, मोरीशी अडते. ज्या पदार्थाची भांडी घासवत नाहीत, तो पदार्थ हळूहळू घरातून नाहीसा होतो. वरण जाते, मग भाजी जाते आणि शेवटी चहा-बिस्किटे उरतात. म्हणून वृद्धांच्या स्वयंपाकाची आखणी उलट्या टोकाने करावी, असे मला वाटते. काय शिजवायचे हे ठरवण्याआधी, जेवणानंतर किती आणि कोणती भांडी घासावी लागतील याचा हिशेब मांडावा.

मावशीच्या माळ्यावर एक स्लो कुकर पडून होता. मुलाने दोन वर्षांपूर्वी येथल्याच दुकानातून मागवून दिलेला. विजेवर चालणारे, मंद आचेवर तासन् तास अन्न शिजवणारे हे यंत्र. लक्ष ठेवायला नको, शिटी नाही, उतू जाणे नाही, गॅस चालू राहून जाण्याची धास्ती नाही. वृद्ध दांपत्याला याहून सोयीचे काय असावे? तरीही ते दोनदाच वापरले गेले. कारण विचारले तर मावशी म्हणाली, ‘‘त्याचं आतलं भांडं एवढं जड, की घासताना हातातून सुटेल असं वाटतं. आणि कडेला चिकटलेलं निघता निघत नाही.’’

तिची तक्रार या यंत्राइतकीच जुनी आहे. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना अशा विजेच्या भांड्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. त्यांची आई लिथुआनियाची. तिकडे ज्यू कुटुंबे शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी चोलंट नावाचा कालवणाचा हंडा बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून देत आणि दुसऱ्या दिवशी गरम काढून खात. आईच्या त्या आठवणीतून मुलाला यंत्राची कल्पना सुचली. पुढे 1971 मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आले आणि नोकरी करणाऱ्या गृहिणींनी ते उचलून धरले. मात्र आतले भांडे त्याला पक्के जोडलेले होते. ते वेगळे काढून धुण्याची सोय 1974 मध्ये आली. यंत्राच्या जन्मानंतर पहिली मोठी सुधारणा झाली ती धुण्याच्याच बाबतीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मंद आच आपल्यालाही नवी नाही. भाकरी चुलीवर आणि आमटी वैलावर, ही आपल्या आज्यांची रीत. एकावर एक डबे रचून वाफेवर सारे जेवण शिजवणारा ‘इकमिक कुकर’ कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास तयार केला. पुढे प्रेशर कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे तीन डब्यांत एकाच वेळी लावण्याची सवय आपल्या घराघरांत रुळली. डब्यांची ही जुनी सवयच मावशीच्या स्लो कुकरच्या उपयोगी पडली.

भांडी वाढतात कोठे?

मावशीने स्लो कुकरमध्ये केलेल्या खिचडीची भांडी आम्ही दोघींनी बसून मोजली. डाळ-तांदूळ धुण्याचे पातेले, भाजी चिरण्याची ताटली, फोडणीचे कढले, स्लो कुकरचे आतले भांडे, त्याचे झाकण, डाव, वाढून घ्यायचे भांडे आणि उरलेली खिचडी ठेवायचा डबा. जेवणाची ताटे सोडून आठ भांडी झाली, आणि त्यांतले एक चांगलेच वजनदार. खिचडीसारख्या साध्या पदार्थाला हा पसारा परवडणारा नाही.

यावर उपाय असा केला. स्लो कुकरच्या आतल्या भांड्यात अन्न घालायचेच नाही, त्यात केवळ पाणी घालायचे. अन्न स्टीलच्या डब्यात शिजवायचे आणि तो डबा त्या पाण्यात ठेवायचा. म्हणजे चिनी मातीचे जड भांडे खरकटे होतच नाही.

दोघांच्या मऊ खिचडीची कृती सांगते. तीन लिटरच्या आसपासचा स्लो कुकर असावा आणि त्यात चहूबाजूंनी बोटभर जागा राहील असा सव्वा ते दीड लिटरचा, झाकणी असलेला स्टीलचा डबा. अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ त्याच डब्यात धुवावी. ज्या ताटात जेवायचे त्याच ताटात दुधी किंवा गाजर चिरून डब्यात घालावे. (मांस-मासळी मात्र जेवणाच्या ताटात कधीही चिरू नये.) हळद, मीठ, जिरे, चमचाभर तूप आणि चार वाट्या उकळते पाणी घालून झाकणी ठेवावी. बाहेरच्या भांड्यात डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी घालावे, काचेचे झाकण लावावे आणि यंत्र ‘हाय’वर ठेवावे. सुमारे अडीच ते तीन तासांत खिचडी होते. प्रत्येक यंत्राची आच थोडी निराळी असते, म्हणून पहिल्या खेपेस अडीच तासांनी पाहावे आणि आपल्या यंत्राचा वेळ कागदावर लिहून ठेवावा. झाकण मात्र सारखे उघडू नये. दर वेळी वाफ जाते आणि शिजायला अधिक वेळ लागतो.

शिजल्यावर यंत्र बंद करून प्लग काढावा आणि डबा न उचलता पळीने थेट ताटात वाढून घ्यावे. थोड्या वेळाने डबा हाताळण्याजोगा झाला की सांडशीने बाहेर काढावा. उरलेली खिचडी त्याच डब्यात, झाकणीसह, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी डबा गॅसवर ठेवून, थोडे पाणी घालून वाफाळेपर्यंत गरम करावी.

फोडणी हवीच असेल तर लोखंडी पळीतली करावी. पळीत चमचाभर तूप, मोहरी, हिंग आणि लसूण तडतडला की तीच पळी खिचडीत किंवा वरणात बुडवायची. कढले वाचते आणि पळीला लागलेले तूपही वाया जात नाही. हात कापत असतील तर हे काम दुसऱ्याने करावे, किंवा फोडणीवाचून तूप-जिऱ्यावर समाधान मानावे.

आता घासायला उरले काय? डबा, झाकणी आणि पळी. आठांची तीन भांडी झाली आणि तिन्ही हलकी. जड भांड्यातले पाणी ते निवल्यावर मगाने काढून घ्यावे आणि आतून कोरड्या फडक्याने पुसावे. काचेच्या झाकणावर वाफेचेच पाणी असते, तेही पुसले की झाले.

आतल्या भांड्यात शिजवायचेच असेल तर

पाहुणे आले, अधिक रस्सा करायचा आहे, तर जड भांडे वापरावे लागते. अशा वेळी काही गोष्टी सांभाळल्या तर घासण्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात.

बहुतेक स्लो कुकरमध्ये उष्णता कडांकडून येते, त्यामुळे अन्न तळापेक्षा कडेला अधिक चिकटते. रश्श्याची पातळी जेथे येते तेथे पिठूळ पदार्थ वाळून कडक कडे धरतो. म्हणून अन्न घालण्यापूर्वी भांड्याला आतून, विशेषतः वरच्या भागाला, तेलाचे बोट फिरवावे. भांडे निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत भरलेले असावे. अगदी थोडे अन्न घातले तर ते कडेने करपते. दोघांच्या घरात सहा लिटरचे यंत्र याच कारणाने गैरसोयीचे ठरते. चिंच, कोकम किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावर घालावेत. आंबटपणाने डाळ मऊ व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कडा वाळत राहतात.

जेवण झाल्यावर भांडे तसेच वाळू देऊ नये आणि लगेच त्यात गार पाणीही ओतू नये. तापलेल्या चिनी मातीला गार पाणी लागले तर तडा जाऊ शकतो. भांडे थोडे निवले की कोमट पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजत ठेवावे. मग मऊ घासणी किंवा लाकडी उलथने पुरे होते. तारेची घासणी लावू नये. तिने चकाकी खरवडली जाते आणि पुढच्या खेपेस अन्न अधिक चिकटते. बाहेरचा विजेचा भाग पाण्यात कधीही बुडवू नये. प्लग काढून, तो पूर्ण गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावा.

हे भांडे भरलेले असताना वृद्धांनी उचलूच नये. आधी पळीने अन्न काढून घ्यावे, मग रिकामे भांडे दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून न्यावे. घरात तरुण हात असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही.

घासणाऱ्या हातांसाठी

अंगठ्याच्या संधिवातात चिमटीत घट्ट धरणे आणि पिळणे या दोन हालचाली सर्वांत त्रासदायक असतात. पातळ घासणीऐवजी जाड, तळहातात मावणारी घासणी किंवा जाड मुठीचा ब्रश घ्यावा. कोमट पाण्याने ताठरलेल्या सांध्यांना आराम पडतो आणि ओशटपणाही लवकर सुटतो. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाणी किती गरम आहे हे हाताच्या बोटांनी न पाहता कोपराने पाहावे, किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावे. साबणाने त्वचा फाटत असेल तर आत सुती हातमोजे घालून वरून रबरी मोजे घालावेत.

मोरीचे सिंक खोल असेल तर वाकून वाकून कंबर धरते. सिंकमध्ये एक घमेले पालथे घालून त्यावर भांडी ठेवावीत, म्हणजे काम हाताच्या उंचीवर येते. उभे राहताना एक पाय आलटून पालटून लाकडी पाटावर ठेवला तर पाठीला विसावा मिळतो. तोल जात असेल तर मात्र पाटाच्या वाटेला न जाता उंच स्टुलावर बसून घासावे. पायाखाली सांडलेले पाणी लगेच पुसून घ्यावे. भांडी राहिली तर राहू द्यावीत, पण ओल्या फरशीवर घाई करू नये.

भांडी वाचवताना हे मात्र वाचवू नये

काही ठिकाणी एक भांडे वाचवण्याचा मोह अंगाशी येतो. राजमा हे त्याचे ठळक उदाहरण. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे अपायकारक द्रव्य असते. ते खळखळ उकळीने नष्ट होते, पण स्लो कुकरच्या मंद आचेने होईलच असे नाही. उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहून अधिक बाधू शकतो. काही तासांतच तीव्र उलट्या आणि जुलाब होतात आणि वृद्धांना ते झेपत नाहीत. म्हणून राजमा भिजवून, ते पाणी टाकून, प्रेशर कुकरमध्येच शिजवावा. तसे केल्यावर स्लो कुकरची गरजच उरत नाही आणि एक भांडेही वाचते.

उरलेले अन्न स्लो कुकरच्या जड भांड्यात तसेच फ्रीजमध्ये ठेवू नये. त्याच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, अन्न सावकाश निवते आणि 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात. पसरट स्टीलच्या डब्यात काढून ठेवावे. एक डबा वाढला तरी चालेल. शिळे अन्न स्लो कुकरमध्ये गरम करू नये. ते फार सावकाश तापते. मांस घालायचे असेल तर ते पूर्ण वितळलेले असावे, बर्फाळलेले नको. शिजत असताना वीज गेली आणि ती दोन तासांहून अधिक काळ गेली, किंवा किती वेळ गेली होती हेच कळले नाही, तर अर्धवट शिजलेले अन्न टाकून द्यावे. जीव हळहळतो, पण इलाज नाही.

आणखी एक सूचना. मुले अमेरिकेहून येताना असे यंत्र घेऊन येतात. तिकडची यंत्रे 120 व्होल्टची असतात, आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. यंत्राच्या तळाशी लिहिलेला आकडा पाहिल्याशिवाय ते येथे लावू नये.

सांभाळ करणाऱ्यांसाठी

जवळ राहणाऱ्या किंवा दुरून काळजी घेणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. ‘‘जेवलात का?’’ या प्रश्नाला आईवडील बहुधा ‘‘हो’’ असेच म्हणतात. ते खोटे बोलत नसतात. तुम्हाला काळजी वाटू नये एवढीच त्यांची इच्छा असते. म्हणून घरी गेल्यावर भांड्यांच्या जाळीकडे एकवार नजर टाका. तेथे आदल्या दिवसाचे जेवण दिसते. कढई, डबा, वाट्या दिसल्या तर समाधान माना. कपबशाच दिसल्या तर कारण विचारा, पण आवाज चढवू नका. भूक मंदावली आहे, दात दुखतात, उभे राहवत नाही की भांडी घासवत नाहीत, हे शोधून काढा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. विनाकारण वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवणे टाळू नका.

आणि नवे यंत्र भेट देण्यापूर्वी त्याचे आतले भांडे आईच्या हातात देऊन पाहा. ते तिला दोन्ही हातांनी सहज उचलता आले पाहिजे, घरच्या सिंकमध्ये मावले पाहिजे आणि ओट्यावर कायम राहिले पाहिजे. माळ्यावर गेलेले यंत्र सहसा खाली येत नाही.

मावशीचा स्लो कुकर आता ओट्याच्या कोरड्या टोकाला असतो, मोरीपासून दूर. सकाळी दहाला ती डबा लावते आणि एकच्या सुमारास दोघे जेवतात. कधी खिचडी, कधी मुगाचे वरण, कधी दुधी घातलेला दलिया. काकांच्या कवळीला तो मऊ घास मानवतो आणि त्यांचे वजन आता उतरायचे थांबले आहे. भांड्यांना बाई अजून मिळालेल्या नाहीत.

मुलाचा फोन अजूनही रोज येतो, पण आता त्याने प्रश्न बदलला आहे. तो विचारतो, ‘‘आई, आज मोरीत काय काय पडलं?’’ मावशी सांगते, ‘‘डबा, झाकणी, पळी आणि दोन ताटं. घासूनसुद्धा झाली.’’